मुद्दल हलत का नाही? गृहकर्ज लवकर फेडण्याचा हिशेब

भाची दिवाळीला आली ती फराळाच्या डब्याबरोबर बँकेचं स्टेटमेंट घेऊन. पुण्यात फ्लॅट घेऊन तिला पाच वर्षं झाली होती. चहा होईपर्यंतही तिला धीर नव्हता. "मावशी, साठ हप्ते भरले मी. एकही चुकवला नाही. आणि मुद्दल बघ, जागचं हललेलं नाही. बँकेने काही गडबड केली असेल का गं?"

बँकेने गडबड केलेली नव्हती. पण तिला बसलेला धक्का खरा होता, आणि तो मी दरवर्षी कुणा ना कुणाच्या चेहऱ्यावर बघते. आयुष्यातला सगळ्यांत मोठा व्यवहार आपण वीस वर्षांसाठी करतो आणि तो आतून कसा चालतो हे आपल्याला कुणी धड समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी वही घेऊन जो हिशेब केला, तोच इथे मांडते. तिचे आकडे तिचे खासगी आहेत, म्हणून उदाहरण वेगळं घेते: कर्ज ४० लाख, व्याजदर वर्षाला साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. याचा महिन्याचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये. दर प्रत्यक्षात बदलत राहतो. त्याकडे पुढे येईन, तोवर तो स्थिर धरू.

हप्त्याच्या पोटात

गृहकर्जाचं व्याज लागतं ते शिल्लक मुदलावर. पहिल्या महिन्यात शिल्लक आहे पूर्ण ४० लाख. साडेआठ टक्क्यांनी त्यावर वर्षाचं व्याज होतं ३ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याचं २८,३३३. आपण भरले ३४,७१३. व्याज वजा केलं की उरतात ६,३८०. तेवढंच मुद्दल फिटलं.

दुसऱ्या महिन्यात शिल्लक ६,३८० रुपयांनी कमी झालेली असते, म्हणून व्याजही थोडं उतरतं: २८,२८८. या वेळी मुदलात जातात ६,४२५. पंचेचाळीस रुपये जास्त. ही पंचेचाळीस रुपयांची पावलं सुरुवातीला इतकी बारीक असतात की पाच वर्षं ती जाणवतही नाहीत. साठ हप्त्यांत आपण भरतो सुमारे २० लाख ८३ हजार. त्यातले १६ लाखांच्या वर व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं अवघं पावणेपाच लाखांनी. दहा वर्षांनी, म्हणजे बरोबर अर्धी मुदत संपल्यावरही, २८ लाख बाकी असतात. हप्त्यात व्याज आणि मुद्दल समसमान व्हायलाच जवळजवळ बारा वर्षं लागतात, आणि कर्ज निम्म्यावर यायला चौदा. वीस वर्षांत एकूण ८३ लाख ३१ हजार भरून होतात.

इथे लोक हमखास म्हणतात, "बँका आधी व्याज वसूल करून घेतात, मुद्दल मागे ठेवतात." हा गैरसमज मुळातून काढायला हवा, कारण पुढचे सगळे चुकीचे निर्णय त्यातूनच निघतात. बँक आधीच काही वसूल करत नाही. ज्या महिन्यात जेवढं मुद्दल आपल्याकडे आहे, तेवढ्याचंच त्या महिन्याचं व्याज घेते. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं कारण सुरुवातीला आपल्याकडे तिचे पैसे जास्त असतात. दर पहिल्या महिन्यात साडेआठ आणि शेवटच्या महिन्यातही साडेआठच.

एक ओळ ओलांडली की काय होतं

आता जादा भरण्याकडे येऊ. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या. २४० ओळींचा असतो. प्रत्येक ओळीत त्या महिन्याचं व्याज, त्या महिन्याचं मुद्दल आणि मागे उरलेली शिल्लक. पहिल्या ओळीचा हप्ता भरताना समजा तुम्ही दुसऱ्या ओळीतलं मुद्दल, म्हणजे ६,४२५ रुपये, वेगळे भरलेत. तुमची शिल्लक आता थेट दुसऱ्या ओळीच्या शेवटी जी असायला हवी तेवढी झाली. म्हणजे पुढच्या महिन्यात तुम्ही तिसऱ्या ओळीवर उभे. मधली एक ओळ गळली, आणि २४० ऐवजी २३९ हप्ते राहिले. ६,४२५ रुपये भरले, पण वाचला तो ३४,७१३ रुपयांचा अख्खा हप्ता.

भाचीचे डोळे इथे चमकले. "मग हे तर पाचपट झाले की!"

झाले, पण कधी? वाचलेला हप्ता हा सगळ्यांत शेवटचा, २३९ महिन्यांनंतरचा आहे. ६,४२५ रुपये साडेआठ टक्के दराने, दरमहा चक्रवाढीने २३९ महिने ठेवले तर किती होतात? ३४,७१३. बरोबर तेवढेच. एक रुपया इकडेतिकडे नाही.

या एका गोष्टीवर जादा भरण्याचा सगळा हिशेब उभा आहे. कर्जात जादा भरलेला रुपया म्हणजे तुमच्या कर्जाच्या दराने केलेली ठेव. साडेआठ टक्क्यांचं कर्ज असेल तर साडेआठ टक्के, खात्रीचे. आणि ते हातात व्याज म्हणून येत नसल्यामुळे त्यावर आयकरही नाही. यात जादू नाही, आणि जादू नसल्यामुळेच त्यावर भरवसा ठेवता येतो.

मग आणखी एक समज आपोआप गळून पडतो: "पंधरा वर्षं झाली, व्याज सगळं देऊन झालंय, आता जादा भरून काय उपयोग?" पंधराव्या वर्षानंतरचा हप्ता बघा. त्यात व्याज सुमारे १२ हजार आणि मुद्दल सुमारे २२,७००. आता एक ओळ गाळायला ६,४२५ नाही, जवळपास २२,९०० रुपये लागतात. महाग वाटतं, पण ते पैसे ५९ महिन्यांतच ३४,७१३ होतात, त्याच साडेआठ टक्क्यांनी. दर एकच. लवकर भरलेला रुपया जास्त काळ काम करतो, एवढाच फरक.

काळाचा तो फरक मात्र लहान नाही. ३ लाखांचा बोनस दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कर्जात टाकला आणि हप्ता तोच ठेवला, तर ३५ हप्ते कमी होतात आणि व्याजाचे निव्वळ ९ लाख वाचतात. तेच ३ लाख बाराव्या वर्षाच्या शेवटी टाकले तर १६ हप्ते आणि सुमारे अडीच लाख. म्हणून माझा सल्ला असा, की जादा भरायचंच असेल तर मोठी रक्कम जमण्याची वाट पाहू नका.

कुठल्या पद्धतीने भरावं

नोकरदार माणसाला सगळ्यांत सोपं म्हणजे वर्षाला एक हप्ता जादा. दिवाळी बोनस, रजेचे पैसे, वेतन आयोगाचा फरक, सुटलेली भिशी, जे काही हाती येईल त्यातून. दरवर्षाअखेर ३४,७१३ रुपये जादा भरले तर वीस वर्षांचं कर्ज पावणेसतरा वर्षांत फिटतं आणि आठ लाखांहून थोडं अधिक व्याज वाचतं.

पण मला त्याहून आवडते ती दुसरी रीत. पगार दरवर्षी थोडा तरी वाढतो. हप्ता मात्र वीस वर्षं तिथेच थांबलेला असतो. तो दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवायचा. पहिल्या वर्षी ३४,७१३, दुसऱ्या वर्षी ३६,४४९, तिसऱ्या वर्षी ३८,२७१, असं. दीड-दोन हजारांची वाढ पगारवाढीत सहज मुरते. आणि कर्ज? सव्वाबारा वर्षांत संपतं. वाचलेलं व्याज साडेपंधरा लाखांच्या आसपास. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता, म्हणून तीनदा पुन्हा मांडून बघितला.

यातली अडचणही सांगायला हवी. बाराव्या वर्षाअखेर हा हप्ता ६० हजारांजवळ जातो. तोवर मुलांचं शिक्षण येतं, आईवडिलांचं आजारपण येतं. म्हणून कागदोपत्री हप्ता वाढवून घेण्यापेक्षा ठरलेला हप्ता तसाच ठेवून वरची रक्कम आपल्या हाताने, आपल्या सोयीने दरमहा भरणं मला शहाणपणाचं वाटतं. एखादं वर्ष अवघड गेलं तर जादा भरणं थांबवता येतं. वाढवलेला हप्ता थांबवता येत नाही, आणि तो चुकला तर दंड लागतो, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो.

जादा रक्कम भरल्यावर बँक विचारते किंवा न विचारताच ठरवते: हप्ता कमी करायचा की मुदत? वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षाअखेर ३ लाख भरून हप्ता कमी करून घेतला, तर तो ३४,७१३ वरून ३१,९९७ होतो आणि पूर्ण मुदतीत वाचतात पावणेतीन-तीन लाख. मुदत कमी केली तर वाचतात ९. लवकर मोकळं व्हायचं असेल तर उत्तर उघड आहे. पण ज्यांची कमाई हंगामी आहे, व्यवसायात चढउतार आहेत, त्यांनी हप्ता कमी करून घेण्यात कमीपणा मानू नये. हप्ता कमी झाला तरी जमेल तेव्हा जुन्याइतकी रक्कम भरत राहायला कुणी अडवत नाही. त्यांना वेग आणि सोय दोन्ही मिळतात.

दर वाढतो तेव्हा

आता तो बाजूला ठेवलेला मुद्दा. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना अशी नवी कर्जं बाहेरच्या निर्देशांकाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, घेतला आहे. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत आपला दर हलतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. अडीच टक्के ऐकायला काही वाटत नाही. पण वहीवर मांडून बघा. २०२१ मध्ये कुणी पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाख घेतले, हप्ता ३०,४१५. वर्षभराने शिल्लक ३९ लाख आणि दर झाला सव्वानऊ. प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्याने वाढला, समजण्यासाठी एकदम वाढला असं धरू. आता महिन्याचं व्याजच ३०,०७८ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुदलात जातात साडेतीनशे रुपयेही नाहीत. राहिलेली मुदत एकोणीस वर्षांवरून चाळीसच्याही पुढे जाते.

हे त्या काळात अनेकांच्या बाबतीत कमीअधिक प्रमाणात घडलं. हप्ता बदलला नाही म्हणून माणूस निर्धास्त, आणि मुदत मागच्या दाराने निवृत्तीच्या पलीकडे गेलेली. मला या प्रकाराचा राग येतो, कारण त्यात कर्जदाराला विचारलं जात नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यावर नियम केले. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. मधेच काही रक्कम किंवा पूर्ण कर्ज फेडण्याची मुभा हवी. दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखवणारं विवरण मिळायला हवं. तुम्हाला ते मिळत नसेल तर मागा, हक्काने मागा. आणि त्यात सगळ्यांत आधी 'उरलेले हप्ते' हा आकडा बघा. मागच्या वर्षी १८० असतील तर यंदा १६८ किंवा त्याहून कमी हवेत. वाढले असतील तर जादा भरण्याचं पहिलं काम ते पूर्वपदावर आणणं.

उलट बाजूही आहे. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. दर उतरला की खूप जण हप्ता कमी करून घेतात. त्याऐवजी तोच चालू ठेवा. ४० लाखांच्या आपल्या उदाहरणात अगदी सुरुवातीलाच दर साडेआठवरून साडेसातवर आला आणि हप्ता ३४,७१३ च राहिला, तर २४० ऐवजी २०५ हप्त्यांत कर्ज फिटतं. खिशातून एक रुपयाही नवा न घालता जवळपास तीन वर्षं कमी. कर्ज जुनं असेल, जुन्या पद्धतीच्या दराशी बांधलेलं असेल, तर मात्र दर आपोआप उतरत नाही किंवा फार उशिरा उतरतो. अशा वेळी शाखेत जाऊन रेपोशी जोडलेल्या दरात बदलून मागावं. त्याला थोडं शुल्क पडतं, पण लाखांच्या व्याजापुढे ते किरकोळ असतं. नवीन ग्राहकाला जो दर मिळतो तो आपल्याला का नाही, हे विचारायला लाजू नये. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं हा त्यानंतरचा उपाय. त्यात प्रोसेसिंग शुल्क, वकिलाची तपासणी, नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क असा खर्च असतो, तो वजा करून मगच फायदा मोजावा.

जादा भरायचा दंड लागतो का

बदलत्या दराच्या, स्वतःच्या नावावरच्या घराच्या कर्जावर नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना असा आकार घ्यायला मनाई केली. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम आणखी स्पष्ट झाले आहेत: वैयक्तिक, बिगरव्यवसायी, बदलत्या दराचं कर्ज असेल तर अंशतः फेडा की पूर्ण, पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेचे, आकार नाही, आणि 'अमुक महिने थांबा' अशी अटही नाही. स्थिर दराच्या कर्जावर मात्र आकार असू शकतो. पहिली काही वर्षं स्थिर आणि मग बदलता, अशी कर्जंही असतात. मंजुरीपत्र काढून वाचा.

भरण्याआधी थांबून विचारायचे प्रश्न

मी कर्ज लवकर फेडण्याच्या बाजूची आहे हे एव्हाना कळलं असेल. तरीही भाचीला मी त्या संध्याकाळी आधी दुसरंच विचारलं: "तुझी नोकरी उद्या गेली तर किती महिने घर चालेल?" ती गप्प बसली.

कर्जात भरलेला पैसा भिंतीत जातो. तो परत काढता येत नाही. काढायचा तर नवं कर्ज मागावं लागतं आणि तेही नोकरी असेल तरच मिळतं. पाच लाख जादा भरले म्हणून पुढचे चार हप्ते बँक माफ करत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एवढी रक्कम एफडीत किंवा बचत खात्यात बाजूला असल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नये, असं माझं ठाम मत आहे. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात: जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि गरज पडली तर पैसे काढताही येतात. दर जरासा जास्त असतो, पण धंदा करणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते.

दुसरं, महागडी कर्जं आधी. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जाते. ती ठेवून साडेआठ टक्क्यांचं गृहकर्ज फेडणं म्हणजे घराला आग लागलेली असताना अंगण सारवणं. वैयक्तिक कर्ज, दुचाकीचं कर्ज, हेही गृहकर्जाच्या आधी. आणि कमावत्या माणसाचा कर्जाएवढा मुदत विमा नसेल तर तो आधी. उद्या तो माणूस नसला तरी घर राहायला हवं.

मग येतो एसआयपीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकण्याचा, प्रश्न. भाचीचा नवरा म्हणाला, "मावशी, शेअर बाजारात बारा टक्के मिळतात, मग साडेआठचं कर्ज कशाला फेडायचं?" प्रश्न चुकीचा नाही. दीर्घकाळात चांगल्या इक्विटी फंडांनी साडेआठपेक्षा जास्त दिलंही आहे. पण तुलना करताना दोन्हीकडे एकच माप लावायला हवं. कर्जातले साडेआठ खात्रीचे आणि करमुक्त आहेत. बाजारातले बारा अपेक्षित आहेत, मिळतीलच असे नाहीत, आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. सात टक्क्यांची एफडी घ्या: ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला कर आणि उपकर जाऊन हाती येतात ४.८. म्हणजे गृहकर्ज डोक्यावर असताना आणीबाणीच्या रकमेपलीकडची एफडी ठेवणं हा सरळ तोटा. पीपीएफचे ७.१ करमुक्त असले तरी कर्जाच्या दराखालीच. भविष्यनिर्वाह निधीचे सव्वाआठ जवळपास बरोबरीचे, आणि तो पैसा म्हातारपणासाठी आहे, त्याला हात लावू नये.

बाजाराबद्दल मी त्याला एवढंच सांगितलं, की तुमचं वय तिशीचं आहे, पंधरा वर्षं पैशाला हात लावायची गरज नाही, आणि बाजार पडला तरी एसआयपी थांबवणार नाही अशी खात्री आहे, तर जादा रक्कम अर्धी इकडे अर्धी तिकडे करा. पन्नाशीच्या माणसाला मी हे सांगणार नाही. निवृत्तीच्या दिवशी हप्ता चालू असणं फार वाईट. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही.

राहिला आयकर. "करात सूट मिळते, कर्ज राहू द्या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर सूटच नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडल्यास हीच प्रणाली लागू होते. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजावर सूट आहे. पण आपल्या उदाहरणात पहिली बारा वर्षं वर्षाचं व्याज २ लाखांच्या वरच असतं. वरचं व्याज सुटीत बसत नाही. जादा भरल्याने आधी तेच कमी होतं, म्हणजे सूट जिथल्या तिथे राहते. आणि सूट मिळते तिथेही हिशेब असा आहे, की ३१ रुपये कर वाचवायला १०० रुपये व्याज द्यायचं.

खिडकीवर काय सांगायचं

जादा रक्कम कर्ज खात्यात नुसती ऑनलाइन टाकून गप्प बसू नका. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते आणि मुद्दल कमी होतच नाही. लेखी किंवा ॲपवर स्पष्ट सांगा: रक्कम मुदलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. आठ दिवसांनी नवा तक्ता मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख मागे आली का ते बघा. व्याज रोजच्या शिलकीवर लागत असेल तर बोनस हाती आल्या दिवशीच भरा. काही संस्था जादा भरण्याची किमान रक्कम ठरवतात, तीही विचारून घ्या.

शेवटचा हप्ता भरल्यावर

पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत करून आपला बोजा उतरवायला हवा. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना कर्ज घेतानाची यादी समोर ठेवून एकेक मोजा: नोंदणीकृत करारनामा, नोंदणी पावती, इंडेक्स-२, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांचे करार असतील तर तेही. 'बाकी नाही' असा दाखला घ्या. बँकेने केंद्रीय नोंदणीतला, म्हणजे सरसाईचा, बोजा उतरवल्याची खात्री करा. दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोंद केली असेल तर ती सोडवल्याची नोंदही हवी. प्लॉट किंवा बंगला असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात किंवा मिळकतपत्रिकेवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. ते आपोआप जात नाही, बोजा कमी करण्यासाठी अर्ज करावा लागतो. महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून कर्ज 'बंद' दिसतंय का तेही पाहावं.

हे इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण आमचंच घर. आमचं कर्ज फिटलं तेव्हा पेढे वाटले, कागदांची फाइल कपाटात ठेवली आणि विसरलो. काही वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा सोसायटीच्या नोंदवहीत बँकेचा बोजा तसाच असल्याचं निघालं. घेणारे बिचारे टोकन देऊन थांबलेले. कर्ज दिलेली शाखा तोवर दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती, जुना दाखला फाइलमध्ये सापडेना, आणि नवा मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. काम होतं एका पानाचं: सेक्रेटरींच्या नावे पत्र, सोबत बँकेच्या दाखल्याची प्रत, आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का मारून घेतलेली पोच.